शाइन मारू का?

"ताई, शाइन मारू का?" त्या पोरानं विचारलं आणि मी नको म्हटलं. एवढंच. गाडी वॉशिंग सेंटरला दिली होती, फोम मारून झाला, आतून व्हॅक्यूम झाला, मॅट धुऊन कंपाउंडच्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या, आणि हा हातात स्प्रेची बाटली घेऊन डॅशबोर्डसमोर तयार. "फ्री आहे ताई, पॅकेजमध्येच येतं." तरी नको म्हटलं, त्यापेक्षा पुढची काच आतून परत एकदा पूस म्हटलं. "काच पुसली की," तो म्हणाला, आणि पुसली होती खरंच, ज्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसला त्याच फडक्यानं. मग त्यानं बाटली खाली ठेवली, काचेवर आणखी एक हात फिरवला आणि काही बोलला नाही. मी पैसे देऊन निघाले पण त्याचा पडलेला चेहरा डोक्यातून जाईना. सीटच्या खाचेतली शेंगांची टरफलं, पायाखालची वाळू, कपहोल्डरमधला चहाचा वाळलेला डाग, हे सगळं त्यानं वाकून वाकून काढलेलं असतं आणि ते कुणीच बघत नाही. गिऱ्हाईक येतं, दार उघडतं, डॅशबोर्ड चकाकताना बघतं, स्ट्रॉबेरीचा वास घेतं आणि "वा, एकदम नवी झाली" म्हणतं. त्याच्या सगळ्या कामाला मिळणारी दाद ती तेवढीच. आणि तरीही मी नको म्हटलं ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हेच बोचत राहिलं.

कारण ती शाइन म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉनचं तेल असतं. डॅशबोर्डवर मारलं की ते तिथंच राहत नाही. गाडी उन्हात बंद उभी राहिली की तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते, डॅशबोर्ड तर सत्तरीला टेकतो, हात ठेववत नाही त्याच्यावर. एवढ्या तापानं प्लॅस्टिकमधली स्वतःची मऊ ठेवणारी द्रव्यं पण उडत असतात, नव्या गाडीचा जो वास आपण मोठ्या प्रेमानं घेतो त्यात ती पण असतात, आणि वर ही शाइन. हे सगळं उडून जाऊन बसतं कुठं तर समोरच्या काचेवर, आतल्या बाजूनं. आमटीवर तवंग यावा तसा एक थर. दिवसा दिसत नाही. रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च काचेला लावून तिरका धरा, मग दिसतो, निळसर राखाडी, आणि त्यात आजवर फिरवलेल्या प्रत्येक फडक्याचे अर्धगोल. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला विश्वास बसेना की आपण रोज यातून रस्ता बघतो. शिवाय चकाकणाऱ्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं ते वेगळंच, डोळ्यासमोर कायम एक पांढुरकी झाक. स्वच्छ डॅशबोर्ड मॅट असतो, निस्तेज दिसतो, बोट फिरवलं तर कोरडं लागतं. कंपनीतून निघताना तो मुद्दाम तसा बनवलेला असतो आणि आपण पहिल्याच सर्व्हिसिंगला त्याला तेल पाजतो.

माझ्या मनात हे एवढं घट्ट का बसलंय त्याला कारण कुंभार्ली घाट.

गणपतीला चिपळूणला निघालो होतो, मामाच्या गाडीतनं. मामा आदल्याच दिवशी गाडी सर्व्हिसिंग करून घेऊन आला होता आणि खूश होता, आत बसल्यावर सगळं लखलखत होतं, दाराच्या आतल्या हँडलला हात लावला तरी बोटं बुळबुळीत व्हायची. उंब्रजला हायवे सोडला तेव्हा ऊन होतं, पाटणला भुरभुर, आणि कोयनानगर सोडून घाटाच्या तोंडाशी येईस्तोवर अंधार आणि पाऊस दोन्ही एकदम. आत आम्ही पाच जण, पायाशी निथळणाऱ्या छत्र्या, मांडीवर फुलांची परडी, मखराचं सामान, मामीला एसीनं सर्दी होते म्हणून एसी बंद आणि पाऊस आत येतो म्हणून काचाही बंद. काच धुरकटायला लागली. मामानं तळव्यानं पुसली. एक गोल स्वच्छ झाला आणि क्षणात परत भरला, आता तो गोल जास्तच चिकट. मग नॅपकिन, मग मामीच्या पर्समधला रुमाल. आणि एका वळणावर समोरून एसटी आली. तिचे दिवे दोन दिसलेच नाहीत, सगळी काचच पेटल्यासारखी पिवळी झाली, रेघारेघांनी, कठडा कुठं आणि रस्ता कुठं काही कळेना. मामी एवढंच म्हणाली, "अहो, थांबा." मामानं जागच्या जागी गाडी उभी केली. एसटी शेजारून गेली, तिच्या चाकाचं पाणी आमच्या काचेवर बदाबदा आदळलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ गाडीत कुणी काही बोललं नाही. त्या तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचे हात स्टीअरिंगवर थरथरताना मी तेव्हा बघितले.

पुढं मी यावर वाचत गेले, मेकॅनिकला विचारत गेले, तर कळलं की त्यात काही गूढ नाही. आपल्या श्वासातला ओलावा आणि छत्र्यांचं पाणी, बाहेर पावसानं गार पडलेली काच, वाफ गारठ्यावर जाऊन बसणारच. पण स्वच्छ काचेवर ती उशिरा बसते आणि पुसली की निघते, तेलकट काचेवर बारीक बारीक थेंबांनी चिकटून राहते आणि प्रत्येक थेंब समोरच्या दिव्याचा उजेड फाकवतो. आणि अशा वेळी एसी लावायचा असतो. मामीला काही झालं तरी एसीच, कारण एसी हवा आधी कोरडी करतो, मग पाहिजे तर तीच हवा गरम करून सोडा, गार हवीच असं काही नाही. फक्त आतली हवा आतच फिरवायचं ते बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची आणि झोत काचेवर वळवायचा. कोकणात उतरलं की उलटं पण होतं, बाहेर दमट उकाडा, आत एसीनं काच गार, मग वाफ बाहेरून धरते आणि आपण आतून पुसत बसतो, पुसत बसतो, निघत नाही. तेव्हा वायपरचा एक फटकारा पुरतो. बाहेरच्या बाजूला जुने ट्रकवाले तंबाखू चोळतात, कुणी बटाट्याचा काप फिरवतात, पाणी थेंबथेंब न राहता सपाट पसरतं म्हणून. त्या माणसांनी कुठल्या बाटलीवरची माहिती वाचलेली नसते, पण काच हा आपला डोळा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ही तारीख सांगायला लागत नाही. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, कुठं कुठं पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आणि मामाची तीच गाडी दारात छपरासकट पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आम्ही पोचलो तेव्हा गाडी जागेवरच होती पण तिरकी झालेली, आणि आत सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत, चॉकलेटी गाळ, जणू कुणी मापून भरलाय. तो वास मी सांगू शकत नाही. डिझेल, कुजलेला भाजीपाला, ओली माती, औषधं, सगळ्या बाजारपेठेचा मिळून एक वास. आधी माणसं, मग घर, मग दुकान, गाडी सगळ्यात शेवटी, त्यामुळं हात लावेपर्यंत गाळ अर्धवट वाळला होता. तरी मामा म्हणाला, बघू जेवढी निघेल तेवढी. सीटा बोल्ट खोलून बाहेर काढल्या, एकेक सीट उचलायला दोन माणसं, फोमनं एवढं पाणी पिलेलं. कार्पेट उचललं तर त्याच्या खाली जाड नमद्यासारखा थर असतो, तो पिळला की काळं पाणी, परत पिळला की परत काळं पाणी. खालच्या वायरिंगच्या जोडांत गाळ, मधल्या कन्सोलखालच्या एअरबॅगच्या कंट्रोलच्या डब्यात गाळ. आणि सीटबेल्ट. मी ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढायला लागले, ओढत गेले तसतसा पट्ट्यावर गाळ येतच राहिला, आतल्या रिळापर्यंत तो गाळात गुंडाळलेला होता. कुणीतरी घाईनं दाराची काच खाली घेतली आणि कर्र आवाज झाला, काचेच्या खोबणीत वाळू बसलेली, परत वर आली तेव्हा काचेवर उभे चरे. आधी नळी लावून खोबण्या धुवायच्या आणि मगच काचा हलवायच्या हे आम्हाला शेजारच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, तो बिचारा स्वतःचं गॅरेज उपसत होता. चार ऊन दिवस सलग मिळाले असते तर कदाचित काही झालं असतं, पण ते श्रावणाच्या तोंडावरचं कोकण. कुबट वास आला, मग स्टीअरिंगवर आणि बेल्टवर पांढरी लव आली, बुरशीची. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस लिहिलं. गाडी टोचनवर गेली तेव्हा मामा दारात आलाच नाही.

त्या गाडीच्या सीटांवर काय होतं सांगू? शोरूममधून आलेलं प्लॅस्टिक. मागच्या सीटवरचं तर त्यानं कधी काढलंच नव्हतं, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या, उठताना फर्र आवाज यायचा, आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या खाली घाम धरून काळे ठिपके पडलेले. "सीट राहते गं नवी," मामा म्हणायचा. मला ही माया कळते. आयुष्यभर पैसे साठवून घेतलेली वस्तू, तिच्यावर ओरखडा नको म्हणून माणूस जे जे सुचेल ते करतो, टीव्हीच्या रिमोटला पिशवी बांधतो, सोफ्यावर चादर टाकतो आणि पाहुणे आले की ती काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र मला भीती वाटते, कारण आत माणसं बसलेली असतात. जाड रेक्झिनचे सीटकव्हर घालतात त्यात मागच्या बेल्टची लॉकं पार आत गाडली जातात, काही गाड्यांत मी हात घालून घालून शोधलीयेत, सापडत नाहीत, आणि गाडीवाले म्हणतात, "मागं कोण लावतंय?" ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसले होते ती गाडी आदळली, मागं बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, आणि ते दोघंच गेले. त्यानंतर थोडे दिवस सगळ्यांनी मागचे बेल्ट उकरून काढले. आणि ज्या गाड्यांत एअरबॅग सीटच्या कडेला असते, तिथं चुकीचं कव्हर शिवून घातलं तर ती एअरबॅग उघडायला वाटच राहत नाही. कव्हर घालायचंच तर त्या कडेला मुद्दाम कच्ची शिलाई असलेलं घ्यावं, कंपनीचं नाहीतर तसं लिहिलेलं. दुकानात हे विचारलं की पोरं आपल्याकडं बघत राहतात, तरी विचारावं.

काचेवरच्या काळ्या फिल्मचंही तसंच झालं होतं. सुप्रीम कोर्टाचा २७ एप्रिल २०१२चा निकाल आला आणि त्या मे महिन्यात चौकाचौकात हवालदार लोकांच्या फिल्म सोलायला लावत होते. नियम आधीपासूनच होता, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा. फिल्म निघाली पण गोंद राहिला, लोकांनी मागच्या काचेवरचा तो गोंद ब्लेडनं खरवडला आणि त्याबरोबर काच तापवून वाफ घालवणाऱ्या डीफॉगरच्या बारीक तांबूस तारा पण खरवडून टाकल्या, मग पावसाळ्यात मागचं दिसेना. आमच्या सोसायटीत अशा दोन-तीन गाड्या मला आठवतात. ऊन लागतं ही तक्रार काही खोटी नाही हो. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचा साध्या टफन केलेल्या, त्या त्याहून कितीतरी जास्त आत सोडतात. मामाचा उजवा हात डाव्यापेक्षा स्पष्ट काळा आहे, शर्टाची बाही जिथं संपते तिथून पुढं. गाडी उभी करताना सावली शोधणं, पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावणं, काच बोटभर खाली ठेवणं, एवढं केलं तरी डॅशबोर्डला तडे जायचे थांबतात आणि काचेवरचा तो तवंगही हळू धरतो.

आता मी काच कशी पुसते ते सांगते, कारण बऱ्याच जणींनी विचारलंय. गाडी सावलीत आणि काच गार पाहिजे, तापलेल्या काचेवर पाणी टाकलं की वाळून डागच उरतात. दोन फडकी, मायक्रोफायबरची, जी दुसऱ्या कशालाच वापरायची नाहीत आणि धुताना कम्फर्टबिम्फर्ट घालायचं नाही, त्यानं फडकं पाणी ओढेनासं होतं आणि उलट काचेला तेल लावतं. पहिल्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, काचेवर फवारायचं नाही, फडक्यावर, नाहीतर सगळं खाली डॅशबोर्डच्या फटीत जातं. घरात पांढरं व्हिनेगर असेल तर तेही चालतं, थोडा वेळ गाडीत लोणच्याचा वास येतो. अमोनियावाला काच क्लीनर मी गाडीत आणत नाही, बंद जागेत डोळे चुरचुरतात आणि प्लॅस्टिकलाही तो बरा नाही. आतून पुसताना आडवा हात, बाहेरून उभा, म्हणजे रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. सगळ्यात अवघड म्हणजे काच जिथं डॅशबोर्डला टेकते तो कोपरा, तिथं तळवा जात नाही, हात उलटा करून बोटांच्या पाठीनं फडकं ढकलायला लागतं. नंतर दुसरं कोरडं फडकं. आणि मग परत टॉर्च. पहिल्या वेळेला फडकं पिवळट करडं झालेलं बघून शिसारी येते. मागच्या काचेला डीफॉगरच्या तारांच्या दिशेनंच हात फिरवायचा, आडवा. आमच्या मागच्या दाराच्या काचेवर माझ्या भाचीनं वाफेत बोटानं काढलेला एक हत्ती आहे. उन्हाळ्यात दिसत नाही, पण बोटाचं तेल राहतं ना, त्यामुळं प्रत्येक पावसात सोंडेसकट परत येतो. ती काच मी बाहेरूनच पुसते, आतून नाही. तिथून कुणाला गाडी चालवायची नसते.

तो पोरगा मला परत भेटला, गाडी परत तिथंच दिली ना. यावेळी त्यानं शाइनचं विचारलंच नाही, मीच म्हटलं, थांब, तुला एक दाखवते, आणि शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गाडी घ्यायला लावून काचेवर टॉर्च तिरका धरला. तो वाकून बघत राहिला. मग स्वतःचा मोबाइल काढून शेजारच्या, नुकत्याच धुऊन झालेल्या पांढऱ्या गाडीच्या काचेवर धरला आणि "आईशपथ" म्हणाला. मी माझ्याकडची दोन फडकी त्याला दिली. त्यानं काच पुसायला बराच वेळ घेतला, मधेच मालकानं हाक मारली तरी "आलो" म्हणून पुसतच राहिला, आणि खालच्या कोपऱ्यासाठी त्यानं माझ्यापेक्षा चांगली युक्ती काढली, फडकं एका सपाट प्लॅस्टिकच्या पट्टीला गुंडाळून. मग म्हणाला, "पण ताई, गिऱ्हाइकाला हे दिसणार कसं? शाइन तर उघडल्या उघडल्या दिसते." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. एका गाडीमागं त्याला जेवढा वेळ मिळतो त्यात काच अशी पुसायची तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल, आणि जे सोडेल ते गिऱ्हाइकाला लगेच दिसेल. मी त्या दिवशी मालकाला जाऊन सांगितलं की काचेचं काम पॅकेजमध्ये वेगळं लिहा, त्याचे वेगळे पैसे लावा, मी देईन. त्यानं मान डोलावली. बोर्डावर अजून तरी काही आलेलं नाही.

पावसाळा तोंडावर आला की मी अजून दोन गोष्टी न चुकता करते. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याची ती राईएवढी पानं वायपरच्या खालच्या जाळीत जाऊन बसतात, तिथून पाणी जायची वाट बुजली की ते ब्लोअरमध्ये आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं, आणि माणूस विचार करत बसतो की काचा बंद असताना गाडीला वास कसा आला. ती जाळी बोटांनी साफ करायची. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला भोकं असतात, त्यात काडी फिरवायची. आणि डॅशच्या कप्प्यामागचा एसीचा फिल्टर काढून बघायचा, एकदा त्यात उंदरानं कापूस आणून ठेवलेला निघाला होता.

मामानं मागल्या वर्षी नवीन गाडी घेतली. शोरूममध्ये पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, फोटो झाले, तिथल्या मुलीनं विचारलं, सर, डॅशबोर्ड पॉलिश आणि सीटकव्हरचं पॅकेज घेणार का. मामा म्हणाला, नको, एसी काचेवर कसा वळवायचा ते आधी हिला दाखवा. हिला म्हणजे मामीला. मामी पुढं बसली, सगळी बटणं दाबून बघितली, मग उतरून मागचं दार उघडलं आणि सीटवरचं प्लॅस्टिक तिथंच दोन्ही हातांनी टराटरा फाडायला लागली.